कार्नूस्टीचा अठरावा होल: व्हान द व्हेल्ड नेमका कुठे चुकला?

तुमचे प्रश्न दोन आहेत. १९९९ मध्ये स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीच्या मैदानावर झालेल्या ओपन चॅम्पियनशिपमध्ये ज्याँ व्हान द व्हेल्ड या फ्रेंच गोल्फपटूने शेवटच्या होलवर, म्हणजे मैदानाच्या अठराव्या आणि अखेरच्या टप्प्यावर, हातात आलेली स्पर्धा घालवली, तो निव्वळ वेडेपणा होता का? आणि स्कॉटलंडची ही समुद्रकाठची मैदानं टीव्हीवर इतकी उंचसखल, करपलेली, उघडीबोडकी दिसतात, तर गोल्फमधली सगळ्यांत जुनी मोठी स्पर्धा अशाच मैदानांवर का भरवतात?

मी चोवीस वर्षं गोल्फच्या मैदानांची देखभाल करतोय, बहुतेक काळ पुणे-नाशिक पट्ट्यात. माती, गवत आणि पाणी हे माझं रोजचं काम. त्यामुळे मला हे दोन प्रश्न वेगळे वाटतच नाहीत. कार्नूस्टीची जमीन समजली की त्या अठराव्या होलवर काय झालं ते वेगळंच दिसायला लागतं. म्हणून आधी जमिनीचं सांगतो.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची पट्टी. हिमयुगानंतर समुद्राची पातळी बदलत गेली, मागे राहिलेली वाळू वाऱ्याने उचलून टेकाडांसारखी रचली आणि त्यावर हळूहळू बारीक गवत धरलं. नांगर घालावा असं तिथे काही नाही, पाणी ठरत नाही, खत धरत नाही. त्यामुळे ती जमीन गावाची राहिली. मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, लोक कपडे वाळत घालायचे आणि काठीने चेंडू मारत फिरायचे. त्या गवताची पहिली कापणी मेंढ्यांनी आणि सशांनी केली. मैदान आखायला माणूस पुष्कळ नंतर आला.

तिथलं मुख्य गवत फेस्क्यू, सोबतीला बेंट. फेस्क्यूची पाती सुईसारखी बारीक आणि ताठ असतात. त्याला खायला थोडं लागतं, प्यायला त्याहून थोडं. उलट त्याला जास्त पाणी आणि खत दिलं तर ते मागे पडतं आणि पोआ नावाचं मऊ, लुसलुशीत गवत घुसतं. पोआ दिसायला हिरवंगार असतं, पण त्यावरची जमीन स्पंजासारखी होते. म्हणून चांगला लिंक्स ग्रीनकीपर (मैदानाची निगा राखणारा) गवताला थोडं उपाशीच ठेवतो. टीव्हीवर दिसणारा तो पिवळटपणा हा हयगयीचा पुरावा नाही. कोणीतरी मन घट्ट करून पाण्याचा नळ बंद ठेवलाय, त्याची ती खूण आहे.

आपल्याकडचं गणित पार उलटं आहे. आपल्या मैदानांवर बर्म्युडा असतं. नाव परदेशी वाटलं तरी ही आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्रीन्सवर, म्हणजे होलच्या भोकाभोवतीच्या अगदी आखूड गवताच्या भागावर, तिचे संकरित वाण लावतात इतकंच. हरळी आडवी धावते, धुमारे सोडते, ऊन पिऊन वाढते. मे महिन्यात माळावर ती करपून गेलेली दिसते आणि पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात उठून बसते. फेस्क्यूही दुष्काळात असंच झोपी जातं आणि पाऊस आला की उठतं, तेवढं दोघांत साम्य आहे. पण खालची जमीन वेगळी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. धंद्यात नवा असताना लिंक्सबद्दल वाचून मी भारावलो होतो. एका क्लबच्या ग्रीन्सचं पाणी मी फेब्रुवारीतच तोडलं, जमीन टणक व्हावी म्हणून. टणक झाली खरी, पण मुळं वर आली आणि मेली, आणि ते ग्रीन्स भरून यायला पुढचा पावसाळा जावा लागला. त्या कोरड्या टणकपणामागे हजारो वर्षांची वाळू आणि थंड हवा आहे, हे मला तेव्हा कळलं. नुसतं पाणी तोडून लिंक्स तयार होत नाही.

काही वर्षांनी कार्नूस्टीला खेळायला गेलो तेव्हा पहिल्याच फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, गुडघ्यावर बसलो. माझ्या पुढच्या माणसाच्या फटक्याने तळहाताएवढी गवताची चकती उडाली होती. त्या खड्ड्यात बोट घातलं. वर जेमतेम दोन बोटं मुळांचा तपकिरी थर, त्याखाली सरळ वाळू. बोटाला माती चिकटली नाही, झटकली की साफ. चकती परत बसवून पायाने दाबली तेव्हा तिचा कोरडा, खरखरीत आवाज आला, गोणपाटावर पाय द्यावा तसा. आणि चेंडू पडण्याचा आवाज! आपल्याकडे पावसाळ्यात चेंडू थप्प करून पडतो आणि पडल्या जागी रुततो. तिथे ठक्क करून पडतो, उसळतो, मग दुसरी उसळी, तिसरी, मग सरपटत जातो. समोरच्या उंचवट्याने त्याला डावीकडे ढकललं तर डावीकडे, उजवीकडे ढकललं तर उजवीकडे. लिंक्सवर फटका संपतो तो चेंडू थांबल्यावर, पडल्यावर नव्हे. आणि पडल्यापासून थांबेपर्यंतचा तो प्रवास कधीकधी चाळीस-पन्नास यार्डांचा असतो.

बाकीच्या मोठ्या स्पर्धा आणि ओपन यांत मूळ फरक हाच. अमेरिकेतल्या मऊ, पाणी पाजलेल्या मैदानावर खेळाडू चेंडू आकाशातून आणून झेंड्याशेजारी ठेवतो. लिंक्सवर त्याला जमिनीशी बोलणी करावी लागतात. ओपन १८६० साली सुरू झाली तीही अशाच मैदानावर, प्रेस्टविकला. ॲलन रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ गोल्फर १८५९ मध्ये वारला, मग आता सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी आठ जणांनी एका दिवसात बारा होलच्या तीन फेऱ्या खेळल्या. विली पार्क जिंकला. तेव्हापासून ओपन लिंक्सवरच होते, दुसऱ्या कुठल्याही जातीच्या मैदानावर नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे की खेळ त्या जमिनीतून आला आणि स्पर्धा तिथे थांबली.

त्याच रॉबर्टसनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कार्नूस्टीचे सुरुवातीचे होल आखले. ओल्ड टॉम मॉरिसने ते अठरापर्यंत नेले आणि १९२६ मध्ये जेम्स ब्रेडने मैदानाला आजचं रूप दिलं. शेवटचे काही होल त्यानंतर, १९३७ च्या ओपनच्या आधी, आणखी कठीण करण्यात आले. डंडी शहराच्या पूर्वेला, अँगस परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठी हे छोटं गाव आहे. मला मनापासून आवडते ती गोष्ट ही की हे खासगी क्लबाचं कुंपणबंद मैदान नाही. जमीन सार्वजनिक आहे. पैसे भरून तुम्हीआम्ही कोणीही जाऊन त्याच अठराव्या होलवर खेळू शकतो. गावातले लोक सकाळी कुत्रा फिरवायला तिथून जातात. या एवढ्याशा गावातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कितीतरी व्यावसायिक खेळाडू आणि शिक्षक अमेरिकेला गेले. अमेरिकेचा थोर गोल्फर बॉबी जोन्स लहानपणी ज्याचा स्विंग बघून शिकला तो स्ट्युअर्ट मेडन कार्नूस्टीचाच.

आता वारा. कार्नूस्टीला वारा नसलेला दिवस म्हणजे सुट्टीचा दिवस. मैदानाची आखणीही अशी आहे की एकाच दिशेने सलग फार होल जात नाहीत. एका होलवर वारा छातीवर, पुढच्यावर कानाशी, त्यापुढे पाठीवर. त्यामुळे वाऱ्याची सवय होतच नाही. समोरचा वारा जेवढा फटका खातो तेवढा पाठीमागचा परत देत नाही. शिकवणारे ढोबळ हिशेब सांगतात की ताशी दहा मैलांचा समोरचा वारा साधारण दहा टक्के अंतर घालवतो आणि तेवढाच पाठीमागचा जेमतेम पाच टक्के देतो. याचं कारण चेंडूची उलटी फिरकी. समोरून वारा आला की त्या फिरकीमुळे चेंडू आणखी वर चढतो, पतंगासारखा तरंगतो आणि मग पडतो. म्हणून जाणते खेळाडू तिथे मोठा क्लब, म्हणजे लांब मारणारी काठी, घेऊन हलक्या हाताने, चेंडू खाली ठेवून मारतात.

बंकरचंही सांगायला हवं, कारण त्याबद्दल सगळ्यांचा गैरसमज असतो. आपल्याकडे बंकर म्हणजे पसरट वाळूची परात. तिथला बंकर म्हणजे आडच. त्याची समोरची भिंत गवताच्या ढेप्या विटांसारख्या एकावर एक रचून उभी केलेली असते. उन्हावाऱ्याने ढेप्या खचतात, त्यामुळे दर काही वर्षांनी ती भिंत हाताने नव्याने रचावी लागते. कामगार फावड्याने ढेपी कापतो, ठोकून बसवतो, प्रत्येक थर अंगठाभर मागे घेत जातो. मी ते काम अर्धा दिवस उभं राहून बघितलंय, आपल्याकडे दगडी बांध घालणारे गवंडी जसे एकेक दगड हातात फिरवून बसवतात अगदी तसं. आणि बंकरच्या आसपासची जमीन त्याच्याकडेच उतरती असते. नकाशावर बंकर चार पावलांचा दिसतो, पण तो चेंडू ओढून घेतो वीस पावलांवरून. त्यात गेलात की पुष्कळदा पुढे मारण्याचा विचार सोडून बाजूला किंवा मागेच काढावा लागतो.

हे सगळं समजून घेऊन कार्नूस्टी खेळलेला माणूस म्हणजे अमेरिकन खेळाडू बेन होगन. १९४९ साली मोटार अपघातात त्याची हाडं मोडली होती, पुन्हा चालता येईल की नाही अशी शंका होती. १९५३ मध्ये मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून तो कार्नूस्टीला आला. ओपन त्याने आयुष्यात एकदाच खेळली, ती ही. तिथे तेव्हा १.६२ इंच व्यासाचा लहान चेंडू चालायचा, अमेरिकेतला १.६८ इंचांचा. म्हणजे चेंडू नवा, गवत नवं, जमीन नवी. तो आधी येऊन सराव करत राहिला, कुठून मारलं तर चेंडू कुठे थांबतो एवढंच बघत राहिला. सहाव्या होलवर मधोमध बंकर आहेत, डावीकडे कुंपण आणि कुंपणापलीकडे आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर, चेंडू गेला की दंड. शहाणा माणूस उजवीकडून जातो. होगन बंकर आणि कुंपण यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून गेला, कारण तिथून पुढचा फटका सोपा होतो. आजही त्या पट्टीला होगनची गल्ली म्हणतात. त्याच्या चार फेऱ्या ७३, ७१, ७० आणि ६८. दरवेळी फटके कमी, आणि गोल्फमध्ये कमी फटक्यांचा जिंकतो. मला या चार आकड्यांत एक माणूस जमीन शिकताना दिसतो.

१९७५ ला टॉम वॉटसन प्लेऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात) जिंकला, आणि गंमत बघा, सोळावा होल, लांबलचक पार ३, म्हणजे तीन फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला, त्याला प्लेऑफ धरून पाचही वेळा पारमध्ये जमला नाही. तरी विजेता तोच. कार्नूस्टी सगळ्यांकडून काही ना काही घेतंच.

मग आलं १९९९.

त्या वर्षी गवत जोमात वाढलं होतं. फेस्क्यू कोरडं असतं तेव्हा विरळ, केसाळ दिसतं, चेंडू त्यात सापडतो आणि मारताही येतो. पण ओलावा मिळाला की ते बुडख्याशी दाट होतं. वरून तुरे डोलताना सुंदर दिसतात आणि खाली चटईसारखा गुंता असतो. त्यात फेअरवे अतिशय अरुंद ठेवले होते आणि वर वारा. खेळाडू उघडपणे तक्रारी करत होते. एकोणीस वर्षांच्या सर्जिओ गार्सियाने पहिल्या दिवशी ८९ फटके घेतले. पहिल्या दिवशी आघाडीवर असलेल्या रॉड पॅम्पलिंगने ७१ मारले आणि दुसऱ्या दिवशी ८६ मारून तो स्पर्धेबाहेर गेला. कट, म्हणजे दोन दिवसांनंतर पुढे खेळण्याची मर्यादा, पारच्या वर बारावर लागला, म्हणजे दोन दिवसांत बारा फटके जास्त घेणाराही पुढे खेळला. माझं मत विचाराल तर त्या वर्षी फेअरवे गरजेपेक्षा अरुंद होते. लिंक्सची परीक्षा उसळीची आणि वाऱ्याची असावी, दाट गवतातून चेंडू शोधण्याची नको. पण मैदान सगळ्यांना सारखंच होतं, हेही खरं.

रविवार, १८ जुलै. व्हान द व्हेल्ड शेवटच्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर) आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. अठरावा होल ४८७ यार्डांचा, पार ४. सहा फटके घेतले तरी ओपन त्याची. इथे बॅरी बर्न समजून घ्या. बर्न म्हणजे स्कॉटिश बोलीत ओढा. हा ओढा सतराव्या आणि अठराव्या होलमधून नागासारखा वळणं घेत जातो आणि शेवटी ग्रीनच्या अगदी पुढ्यात आडवा येतो. रुंदी फार नाही, पण दोन्ही काठ दगडी भिंतींनी बांधलेले, सरळ उभे. पुण्यातले नाले आठवा, बांधून काढलेले, तसाच. अशा भिंतीमुळे दोन गोष्टी होतात. काठावर चेंडू अडायला गवताचा उतार नसतो, आणि दगडावर आपटलेला चेंडू कुठेही जाऊ शकतो.

त्याने टीवरून ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, घेतला. चेंडू भरपूर उजवीकडे गेला, सतराव्या होलच्या बाजूला, पण ओढ्याच्या वळणातल्या कोरड्या जागेवर थांबला. जागा बरी होती, आणि माझ्या मते खरा मोह तिथे झाला. चेंडू वाईट जागी पडला असता तर तो निमूट पुढे सरकवून मोकळा झाला असता.

दुसऱ्या फटक्याला त्याने २ आयर्न, म्हणजे लांब मारणारा लोखंडी क्लब, घेतला. लोक इथेच डोक्याला हात लावतात. मी नाही लावत. ओढा पार करायचा, उजवीकडे राहायचं, आणि उजवीकडे प्रेक्षकांचा स्टँड आहे. स्टँडमध्ये चेंडू गेला तर दंड नाही, बाहेर मोकळा ड्रॉप मिळतो (चेंडू बाहेर टाकून खेळता येतो). म्हणजे चुकला तरी सुरक्षित अशी बाजू त्याने धरली होती. पण चेंडू स्टँडच्या कठड्यावर आपटला, तिथून उलटा आला, ओढ्याच्या दगडी भिंतीच्या वरच्या कडेवर आपटला आणि ओढ्याच्या अलीकडे, गुडघाभर रफमध्ये, म्हणजे न कापलेल्या गवतात, जाऊन पडला. लोखंड आणि दगड, एकामागून एक. हजारदा मारला तरी असा चेंडू परत येणार नाही.

माझ्या मते चूक झाली ती तिसऱ्या फटक्यात, आणि ती चूक गवताच्या बाबतीतली. हिशेब साधा होता. बाजूला काढला तर तीन, ओढ्यावरून ग्रीनवर चार, दोन पट (putt, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलण्याचे हलके फटके), एकूण सहा. ओपन जिंकली. त्याने मात्र त्या रफमधून सरळ ओढ्यावरून मारायचं ठरवलं. वर सांगितलेला तो बुडख्याचा गुंता आठवा. क्लबचं पातं त्यात शिरलं की लांब देठ त्याच्या मानेला गुंडाळतात, पात्याचं तोंड मिटतं आणि सगळा वेग तिथेच संपतो. मनगटात कितीही ताकद असली तरी उपयोग नाही. मी माझ्या माळीमंडळींना हे दाखवण्यासाठी एकदा लांब वाढलेल्या हरळीत कोयता आडवा मारायला सांगितला होता. कोयता अर्ध्यात अडला. फेस्क्यू त्याहून बारीक आणि चिवट. चेंडू जेमतेम उचलला गेला आणि ओढ्यात पडला.

पुढचं चित्र सगळ्यांनी पाहिलंय. त्याने बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यावर गुंडाळली आणि हातात क्लब घेऊन तो पाण्यात उतरला. लोक हसले, समालोचकांना राहवलं नाही. मला मात्र ते दृश्य बघताना पोटात तुटतं. चेंडू दिसत होता, माणूस विचार करत उभा होता, भिंत त्याच्या कमरेच्या वर. मारता येणार नाही हे त्याला कळायला थोडा वेळ लागला, मग तो वर आला. दंडाचा एक फटका धरून ड्रॉप, पाचवा फटका ग्रीनशेजारच्या बंकरमध्ये. त्याच बंकरमध्ये त्याच्यासोबत खेळणाऱ्या क्रेग पॅरीचा चेंडू होता. पॅरीने आधी मारला आणि थेट होलमध्ये घातला! त्यानंतर व्हान द व्हेल्डने सहावा फटका साधारण सहा फुटांवर आणला आणि सातव्या फटक्यात पट पाडला. त्या पटाबद्दल कोणी बोलत नाही. अख्खं जग बघतंय, पाय अजून ओले आहेत, आणि चुकलं तर प्लेऑफही नाही, अशा वेळी सहा फुटांचा पट पाडणारा माणूस घाबरट किंवा वेडा नसतो.

चार होलच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी, जस्टिन लेनर्ड आणि तो. लेनर्डनेही मूळ फेरीत अठराव्यावर चेंडू ओढ्यातच घातला होता, हे लोक विसरतात. जिंकला लॉरी, शेजारच्या ॲबर्डीनचा, पात्रता फेरीतून आलेला. दिवसाच्या सुरुवातीला तो दहा फटक्यांनी मागे होता. शेवटच्या फेरीत ६७ मारून तो दमट थंडीत वाट बघत बसला होता. प्लेऑफच्या सतराव्या आणि अठराव्या होलवर त्याने बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केल्या. अठराव्यावर ४ आयर्नने मारलेला फटका ओढ्यावरून जाऊन झेंड्यापासून चार फुटांवर थांबला. त्या आठवड्यातला तो सर्वांत सुंदर फटका होता, आणि व्हान द व्हेल्डच्या कहाणीखाली तो गाडला गेला, याचं मला वाईट वाटतं. विजयी आकडा २९०, पारच्या वर सहा.

आता तुमच्या "वेडेपणा" या शब्दासाठी २००७ आठवा. तोच होल. पॅड्रिग हॅरिंग्टन एका फटक्याने पुढे. टीवरचा फटका ओढ्यात, दंड घेऊन मारलेला तिसरा फटका पुन्हा ओढ्यात. मग त्याने पाचवा फटका होलजवळ आणला, पट पाडला, सहा. मागून येणाऱ्या गार्सियाला जिंकायला तिथे फक्त पार हवी होती. त्याचा चेंडू बंकरमध्ये गेला आणि पारचा पट होलच्या कडेला लागून बाहेर आला. प्लेऑफमध्ये हॅरिंग्टन एका फटक्याने जिंकला. आज त्याच्या त्या दोन ओढ्यातल्या चेंडूंना कोणी वेडेपणा म्हणत नाही, कारण करंडक त्याच्याकडे आहे.

आणि २०१८. त्या ओपनला मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. ब्रिटनमध्ये त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, उष्णतेची लाट होती. फेअरवे पार तपकिरी, आपल्या एप्रिलमधल्या माळासारखे. ग्रीन्सना जगण्यापुरतं पाणी दिलं होतं, म्हणून त्या तपकिरी रंगात हिरवी बेटं दिसत होती. रफ विरळ, वाळलेलं. त्यात पाय घातला तर देठ कडकड मोडायचे. १९९९ मध्ये ज्या गवताने क्लब धरून ठेवला तेच हे गवत, फक्त पाण्याविना. चेंडू फेअरवेवर काँक्रीटवर पडल्यासारखे पळत होते. सरावात अठराव्यावर हॅरिंग्टनचा टीवरचा फटका साडेचारशे यार्डांच्या पुढे घरंगळत जाऊन ग्रीनपुढच्या ओढ्यात पडला. एका फटक्यात! त्यामुळे प्रत्येकापुढे रोज तोच प्रश्न होता, ड्रायव्हरने बंकर ओलांडून जायचं की आयर्नने अलीकडे थांबायचं. जमीन कडक असली की थांबणं हेच कौशल्य होतं.

फ्रान्चेस्को मोलिनारी शेवटच्या दिवशी टायगर वूड्सबरोबर खेळला. वूड्सने मधे काही काळ आघाडी घेतली तेव्हा मैदानभर जो आवाज उठला तो मी कधी विसरणार नाही. मोलिनारीने त्या आवाजात सलग तेरा होल पार केले. मग चौदाव्यावर बर्डी, शेवटच्या होलवर बर्डी, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) एकही नाही. ६९. पारच्या खाली आठ. वीस वर्षांपेक्षा कमी काळात, त्याच मैदानावर, पारच्या वर सहापासून खाली आठपर्यंत, चौदा फटक्यांचा फरक. फेअरवेची रुंदी, वारा, खेळाडूंचं साहित्य हे सगळं त्यात आहेच, पण माझ्यासारख्याला त्यात सर्वांत आधी पाणी दिसतं.

तुम्ही यापुढे ओपन टीव्हीवर बघाल, २०२७ मध्ये ती सेंट अँड्र्यूजला आहे, तेव्हा चेंडू हवेत असताना फार लक्ष देऊ नका. तो पडल्यावर बघा. पहिली उसळी किती उंच आहे, तो कुठल्या उंचवट्याला लागून वळतो, किती वेळ पळतो. ग्रीन्स अमेरिकेपेक्षा संथ वाटतील, ते मुद्दाम असतं. समुद्रावरून जोराचा वारा आला तर फार वेगवान ग्रीनवर थांबलेला चेंडू आपोआप हलायला लागतो. २०१५ मध्ये सेंट अँड्र्यूजला याच कारणाने शनिवारचा खेळ कित्येक तास थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारी संपली.

व्हान द व्हेल्डबद्दल एक राहिलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात तो कार्नूस्टीला परत गेला, कॅमेऱ्यासमोर, आणि तोच अठरावा होल फक्त पटरने, म्हणजे ग्रीनवर पट मारायच्या क्लबने, खेळला. टीपासून होलपर्यंत, दुसरा क्लब नाही. वाळूवरच्या त्या आखूड गवतावर चेंडू ढकलत, घरंगळवत. तिसऱ्या प्रयत्नात त्याला सहा जमले.